ठकीची हरकत

वसतिगृहाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या अगदी पायाशी, वॉर्डनसरांचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि डोक्यावर तीन मजले भरून साठ विद्यार्थी. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, त्यामुळे डोक्यावर काय चाललंय याचा त्यांना सहसा पत्ता नसायचा. पत्ता असायचा तो त्यांच्या बायकोला. कोण कितीला आंघोळीला गेलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, दुसऱ्या मजल्यावर खुर्ची न उचलता सरकवतो तो कोण, हे सगळं तिला नुसतं छताकडे बघून सांगता येई.

तिचं वय अठ्ठावीस. वरची मुलं वीस-एकवीसची. तरीही पहिल्याच दिवशी, ती हातात कुंडी घेऊन दारात उभी असताना एका मुलाने विचारलं होतं, "काकू, कपडे धुवायची खोली कुठेय?" तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी काकू नव्हती. त्या दिवशी ती काकू झाली ती झालीच. ताई म्हणायला काय धाड भरली होती, असं तिने नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मुळात नातं वयावर ठरतं की भूमिकेवर, हे आधी बघावं लागेल." तिने बघितलं नाही. आपणही सोयीसाठी, तिची माफी मागून, तिला काकूच म्हणू.

तर काकूंचं एम.ए. याच कॉलेजात अर्धवट राहिलं होतं. सगळे पेपर झाले होते, फक्त प्रबंध राहिला होता, आणि तेवढ्यात ठकी झाली. प्रबंधाचा विषय होता शाळेच्या पाठ्यपुस्तकांतली आयांची चित्रं. पन्नास वर्षांतली तीनशे बारा चित्रं काकूंनी जमवली होती. तीनशे बाराच्या तीनशे बारा चित्रांत आई हसत होती आणि बाळ झोपलेलं होतं. हा निष्कर्ष काढताना संशोधिकेच्या मनाला काय यातना झाल्या, हे परीक्षकांना कधीच कळणार नव्हतं.

दोनदा मुदत वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा काकू डीनबाईंकडे गेल्या तेव्हा डीनबाई गोड हसून म्हणाल्या, "तिसरी मुदतवाढ नियमात बसत नाही. महिनाअखेरचा शुक्रवार, पाच वाजता. नाहीतर मग पहिल्यापासून प्रवेश घ्यायचा." पहिल्यापासून म्हणजे दोन वर्षं, आठ पेपर आणि पुन्हा तीनशे बारा आया. काकूंच्या हाताशी साडेतीन आठवडे होते आणि दोन प्रकरणं लिहायची होती. लिहायला वेळ म्हणजे ठकी झोपेल तेवढाच.

ठकी आठ महिन्यांची होती आणि दुपारी दोन ते चार झोपत असे. कागदोपत्री. प्रत्यक्षात दोन वाजून पाच मिनिटांनी तिचा डोळा लागायचा, काकू चोरपावलाने टेबलापर्यंत जायच्या, पेनाचं टोपण आवाज न करता काढायच्या, आणि दोन अकराला वरच्या मजल्यावर काहीतरी धाडकन पडायचं. ठकी डोळे टक्क उघडून छताकडे बघायची, आईसारखीच.

बरोब्बर डोक्यावरच्या खोलीत संगीत विभागाचा एक मुलगा राहायचा. तो ड्रम वाजवायचा. त्याला सगळेच धडाम म्हणत, त्याचे गुरुजीही.

काकूंनी आईला फोन केला. आई म्हणाली, "तुला आम्ही कुकरच्या शिट्ट्यांत वाढवलंय. तू तिला शांततेची सवय लावलीस, आता भोग." मेसचे मामा, म्हणजे गेली बावीस वर्षं वसतिगृहाचा स्वयंपाक करणारे गृहस्थ, त्यांचा सल्ला वेगळा होता. "बाळाला झोप येत नाही कारण आई उपाशी असते," असं म्हणून त्यांनी गरम ताट आणून ठेवलं आणि काकू जेवेपर्यंत दारात उभे राहिले. सल्ल्यांमध्ये हा एकच पोटात गेला. बाकी सगळे डोक्यावरून गेले.

शेवटी काकूंनी ठरवलं की दारावर एक चिठ्ठी लावायची.

चिठ्ठीचे चार मसुदे झाले. पहिला होता, "बाळ झोपलं आहे." ही नुसतीच बातमी झाली. दुसरा, "आवाज करू नये." हे शाळेच्या भिंतीसारखं वाटलं. तिसऱ्यात 'प्लीज' तीनदा आलं, आणि काकूंना स्वतःचीच दया आली. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "'कृपया' घातलंस की ती विनंती झाली. विनंती नाकारता येते. नाही घातलंस तर आज्ञा झाली, आणि आज्ञा द्यायचा अधिकार तुला कोणी दिला, हा प्रश्न येतो." काकू म्हणाल्या, "मला तिच्या लघवीचे कपडे धुवायचा अधिकार कोणी दिला?" सर चष्मा पुसत आत गेले. चौथा मसुदा पट्टीने रेघा मारून, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून सोमवारी सकाळी दारावर गेला : "बाळ झोपलं आहे. दुपारी दोन ते चार कृपया शांतता."

दुसऱ्या कुठल्याही इमारतीत या चिठ्ठीचं दोनच प्रकारे काहीतरी झालं असतं. लोकांनी ती पाळली असती, किंवा पाळली नसती. पण हे असलं कॉलेज होतं जिथे एकच मुलगी सकाळी नाटक, दुपारी खगोलशास्त्र आणि संध्याकाळी राज्यशास्त्र शिकायची, रात्री जेवताना या तिघांचा संबंध जोडायची, आणि मजकूर दिसला की त्याच्या समासात लिहायची.

संध्याकाळपर्यंत चिठ्ठीच्या समासात लिहून झालं होतं. एकाने 'शांतता' या शब्दाखाली रेघ मारून विचारलं होतं, "कोणाची?" दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं होतं. तिसरीने लिहिलं होतं, "दोन ते चारच का? वेळ कोण ठरवतं?" कोणीतरी बाळाचं चित्र काढलं होतं, ते मात्र छान होतं. मंगळवारी समास संपला तेव्हा कोणीतरी खाली नवा कागद जोडला. बुधवारी तो कागद उंबऱ्याला टेकला आणि भिंतीवर वळला. दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन मोठ्याने ते सगळं पहिल्यापासून वाचायचं. साधारण दोन ते चार या वेळात, कारण तेव्हा तास नसायचे.

बुधवारी संध्याकाळी अध्यक्षा आली. वसतिगृहाच्या विद्यार्थी-सभेची ही अध्यक्षा अंगाने काडी होती, पण छातीशी एक हिरवी फाइल धरून चालायची आणि त्या फाइलमुळे दुप्पट रुंद दिसायची. फाइलमध्ये वसतिगृहाची घटना होती.

"काकू, तुमच्या भावनेचा आम्हाला आदरच आहे," ती खाली बसत म्हणाली. "पण असा नियम तुम्ही एकट्या नाही ना लावू शकत."

"नियम कुठे आहे? चिठ्ठी आहे गं ती."

"तसंच सुरू होतं काकू. इतिहासात तसंच सुरू झालंय सगळीकडे."

काकूंना क्षणभर आपण कोणीतरी भयंकर हुकूमशहा असल्यासारखं वाटलं. मांडीवर ठकी दुधाची गुळणी काढत होती, त्यामुळे तो रुबाब टिकला नाही.

घटनेचं म्हणणं असं होतं की वसतिगृहात कुठलाही नियम सगळ्यांच्या सहमतीनेच होईल. बहुमत चालणार नाही. एकूण एक रहिवासी हो म्हणाला पाहिजे. आणि सभेआधी प्रश्नाचा नीट अभ्यास झाला पाहिजे. त्यासाठी एक अभ्यासगट नेमला गेला. तो रोज बसायचा. कुठे? ज्यांचा प्रश्न त्यांच्या दाराशी, असं तत्त्व असल्यामुळे काकूंच्या दाराशी. किती वाजता? प्रश्न ज्या वेळेचा त्या वेळेला.

गुरुवारी दोन वीसला दारावर टकटक झाली. अभ्यासगटातली समाजशास्त्राची मुलगी होती, हातात प्रश्नावली. तिला पुढे सगळे प्रश्नावलीच म्हणू लागले, म्हणून आपणही म्हणू. ती अतिशय हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "काकू, बाळ आत्ता झोपलंय का? हो, नाही, की सांगता येत नाही?"

आतून ठकीने उत्तर दिलं.

"म्हणजे 'नाही' लिहू ना?" प्रश्नावलीने विचारलं.

शुक्रवारी धडाम आला. उंच, आडदांड, आणि डोळ्यांत पाणी. "काकू, माझ्यामुळे झालंय हे सगळं. मला कोणी सांगितलंच नाही हो. पण आता काळजी करू नका. मी ड्रम खाली हलवलाय."

"खाली कुठे रे?"

"कपडे धुवायच्या खोलीत. तिथे कोणालाच त्रास नाही."

कपडे धुवायची खोली आणि काकूंची झोपायची खोली यांच्यामध्ये एक भिंत होती. साडेचार इंची. पण धडाम इतक्या अभिमानाने उभा होता, की काकूंच्या तोंडून निघालं, "अरे, कशाला एवढा त्रास घेतलास." हे वाक्य बोलल्याचा पश्चात्ताप त्यांना शनिवारी दोन वाजून तीन मिनिटांनी झाला. कपाटावरचा डबा थरथरत पुढे पुढे सरकला आणि तीनशे बारा आयांवर पालथा पडला.

शनिवारीच चारच्या सुमारास मूक मोर्चाही निघाला. काकूंच्या बाजूने निघाला होता, हे लक्षात घ्यायला हवं. चाळीस मुलं बूट हातात घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, चवड्यांवर चालत खिडकीखालून गेली. फलकांवर लिहिलं होतं, "झोप हा हक्क आहे". ठकी त्या दिवशी खरोखरच, नुकतीच, पहिल्यांदाच आपणहून झोपली होती. चाळीस जणांच्या पायाखाली वाळका पाला कसा वाजतो याचा विचार कोणी केला नव्हता. ठकी उठली, खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली आणि मोर्चा बघून इतक्या मोठ्याने खिदळली, की मोर्चेकऱ्यांनी रुमाल काढून तिला हात केले. मोर्चा तिथेच बसला. अंधार पडेपर्यंत बसला. मामांनी त्यांना चहा दिला.

त्यावर डीनबाईंचं पत्र आलं. वॉर्डनच्या निवासस्थानासमोर विनापरवाना मोर्चा कसा निघाला, याचा खुलासा वॉर्डनने तीन प्रतींत करावा. तळाशी शाईने लिहिलं होतं, "आपल्या पत्नीस प्रबंधाच्या तारखेची आठवण द्यावी." सरांनी खुलासा लिहायला घेतला. अकरा पानं झाली तरी ते 'मोर्चा म्हणजे काय' याच्याच व्याख्येत होते. पानांवरून काकूंना आठवलं की आपलं या अख्ख्या आठवड्यात दीड पान झालं आहे, आणि त्यातलं अर्धं ठकीने ओलं केलं आहे. न्हाणीघरात जाऊन त्यांनी नळ सोडला आणि दोन मिनिटं रडून घेतलं. नळ सोडला, कारण वरच्यांना ऐकू गेलं असतं तर त्यावरही अभ्यासगट बसला असता.

रविवारी सकाळी दहाला अंगणापलीकडच्या सभागृहात सभा भरली. साठ विद्यार्थी, सर, काकू, काकूंच्या शेजारी सतरंजीवर ठकी आणि दाराशी मेसचे मामा. मामा रहिवासी होते. घटनेनुसार, "या इमारतीत सलग तीन महिने झोपणारी प्रत्येक व्यक्ती" रहिवासी, आणि मामा स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपत. बावीस वर्षांत प्रत्येक मतदानाच्या वेळी ते "दूध उतू जातंय" म्हणून निघून गेले होते, आणि त्यांच्याइतकं सर्वमान्य मत दुसऱ्या कोणाचंच नव्हतं.

त्या सभेच्या रीती काकूंना माहीत नव्हत्या. टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण टाळ्यांनी न पटणारा माणूस दबतो. पटलं तर एक हात वर करून बोटं हलवायची. आणि हरकत असेल तर दोन्ही हात सरळ वर.

दीड तास चर्चा झाली. शांततेच्या बाजूने सगळेच होते, तरी दीड तास झाली. धडामने उभं राहून सांगितलं की शांतता हासुद्धा संगीताचाच भाग आहे, आणि बसताना खुर्ची पाडली. शेवटी अध्यक्षेने ठराव वाचला : दोन ते चार तळमजल्यावर, जिन्यात आणि कपडे धुवायच्या खोलीत पूर्ण शांतता. "सहमती?"

साठ हात वर गेले, सहाशे नव्हे पण तीनशे बोटं पाखरांसारखी फडफडली. सरांनीही बोटं हलवली. काकूंनी हलवली. मामांचं दूध उतू गेलं. काकूंनी मनातल्या मनात पेनाचं टोपण काढलं. उद्यापासून! उद्यापासून दोन तास, अखंड!

"हरकत?" अध्यक्षेने रीतीप्रमाणे विचारलं.

ठकी दीड तास खाली बसून कंटाळली होती. तिने आईकडे मान वळवली आणि दोन्ही हात सरळ वर केले.

साठ माना तिच्याकडे वळल्या.

"हरकत आहे," प्रश्नावली म्हणाली.

"अगं, हरकत कसली! ती मला घे म्हणतेय!" काकूंनी ठकीला उचललं. ठकीने हात खाली केले. काकू विजयाने म्हणाल्या, "बघा! घेतलं की झालं."

"म्हणजे तुम्ही तिला घेतलंत म्हणून तिने हात खाली केले," अध्यक्षा म्हणाली. तिचा चेहरा खरंच दुःखी झाला होता. "काकू, हे थोडं अडचणीचं आहे."

"ती रहिवासीच नाहीये!"

अध्यक्षेने फाइल उघडली. "तीन महिने झोपणारी प्रत्येक व्यक्ती. ठकी आठ महिने इथे आहे."

"झोपते कुठे? हाच तर सगळा प्रश्न आहे ना!"

"तो स्वतंत्र ठराव होईल."

काकूंनी आशेने नवऱ्याकडे पाहिलं. सरांचे डोळे लकाकत होते. त्यांचा असा चेहरा काकूंनी शेवटचा लग्नाच्या वेळी पाहिला होता. "मुद्दा साधा नाहीये हं," ते उठत म्हणाले, "जिच्याकडे अजून भाषाच नाही, तिचा नकार आपण..." काकूंनी नुसतं पाहिलं. सर बसले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मागच्या रांगेतल्या सहा जणांनी वह्या काढल्या होत्या.

"मी तिची आई आहे," काकू म्हणाल्या. "तिला काय हवंय ते मला कळतं."

"म्हणूनच काकू," अध्यक्षा अगदी मऊ आवाजात म्हणाली. "शांतता तुम्हाला हवीय. तुमचे हितसंबंध गुंतलेत. तिच्या वतीने तुम्हीच कसं बोलणार?"

अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात काकूंचा इतका सभ्य अपमान कोणी केला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांना तो थोडासा पटलाही.

आता घटनेतला नियम असा होता : हरकत घेणाऱ्याला दामटायचं नाही. त्याचं म्हणणं तीन जणांच्या समितीने, तो प्रश्न ज्या वेळेचा त्या वेळेला, रोज, समजेपर्यंत ऐकून घ्यायचं. ज्यांचे हितसंबंध गुंतलेत त्यांनी तिथे थांबायचं नाही. समिती नेमली गेली : अध्यक्षा, धडाम आणि प्रश्नावली.

काकू घरी येऊन पलंगावर धाडकन बसल्या. म्हणाल्या, "संपलं. घेते पहिल्यापासून प्रवेश." दोन ते चारचा ठराव लटकला होता, धडाम भिंतीपलीकडे होता आणि साडेतीन आठवड्यांतले अडीचच उरले होते.

सोमवारी पावणेदोनला समिती दारात हजर झाली. "सभासदांना घ्यायला आलोय," धडाम म्हणाला.

"कुठे नेताय?"

"सभागृहात. सुनावणीला. चारला आणून देतो."

काकू आधी त्याच्याकडे, मग ठकीकडे, मग घड्याळाकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोक्यात हळूहळू काहीतरी उजाडत होतं, पण आईचं काळीज उजाडू देत नव्हतं. त्यांनी एक पिशवी भरली. दुपटी चार, झबली तीन, टोपी, दुधाची बाटली, दुसरी बाटली, खुळखुळा, आणि 'ती अशी रडली तर असं, तशी रडली तर तसं' अशी दोन पानी सूचना. धडामने ठकीला दोन्ही हातांनी, फुटेल की काय अशा बेताने धरलं.

पहिल्या दिवशी काकूंनी एक ओळ लिहिली नाही. त्या सभागृहाच्या खिडकीबाहेर, झुडपाआड, दोन तास उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी एक तास. तिथून त्यांनी पाहिलं की धडाम पालथा झोपलाय, ठकी त्याच्या पाठीवर थापा मारतेय, आणि प्रश्नावली थापा मोजतेय. तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, टेबलाशी बसल्या, पेनाचं टोपण काढलं. टोपणाचा आवाज झाला. काकू दचकल्या. इमारतीत दुसरा आवाजच नव्हता. धडाम समितीवर होता, म्हणून ड्रम बंद. आणि भाषा नसलेली हरकत कशी असते ते ऐकायला बाकीचे सत्तावन्न जणही सभागृहात जाऊन बसले होते.

काकूंनी त्या दिवशी सात पानं लिहिली.

समिती रोज इतिवृत्त आणून द्यायची. "सभासदांनी आज इतिवृत्ताचं दुसरं पान खाल्लं. पुन्हा लिहून काढलं." "सभासद सभागृहात आणलेल्या ड्रमवर बसल्या. हरकतीचा रोख अद्याप स्पष्ट नाही." "सभासदांना झोप आली, पण त्यांनी ती घेतली नाही." पहिला आठवडा गेला. अध्यक्षा एकदा खिन्नपणे म्हणाली, "काकू, अजून नीट समजत नाहीये हो." काकू घाईघाईने म्हणाल्या, "अगं, समजू दे की सावकाश. घाईने न्याय होत नाही." रात्री सर म्हणाले, "तुझ्या भूमिकेत लक्षणीय बदल झालाय." काकू हसल्या. पाठ्यपुस्तकातल्यासारख्या.

महिनाअखेरचा शुक्रवार उजाडला. आदल्या दिवशी प्रबंध छापून, बांधून झाला होता. दोनशे चार पानं, निळं कव्हर. सभासद दोन वाजता सुनावणीला गेल्या. सर तासाला गेले, तो तास पाचपर्यंत चालायचा. कार्यालय मैदानापलीकडे, चालत वीस मिनिटं. काकूंनी ठरवलं, तीनला निघू. अंगावरचे कपडे बदलले, केस विंचरले, प्रबंध टेबलावर समोर ठेवला. वीस दिवसांत पहिल्यांदाच करायला काही नव्हतं. त्यांनी प्रबंधावर गाल टेकला. पाचच मिनिटं.

चार वाजता समिती सभासदांना परत घेऊन आली. दार उघडंच होतं. अध्यक्षेने आत पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. काकू झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, निळ्या कव्हरावर लाळेचा छोटा डाग. ठकी झोपते तशाच.

आणि त्या क्षणी, कुठलाही ठराव न होता, ती इमारत शांत झाली. निरोप कुजबुजत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. मुलं बूट काढून जिना चढली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या एकाने आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची उचलून ठेवली. धडाम ठकीला घेऊन पायरीवर बसला. सगळ्यांना ठाऊक होतं की आज काकूंची तारीख आहे. पण या मुलांच्या जगात शुक्रवार म्हणजे रात्रीचे अकरा एकोणसाठ. गृहपाठ संगणकावरून जायचा; कार्यालय नावाची जागा असते आणि ती बंद होते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

चार छत्तीसला मामा चहा घेऊन आले. "हे काय? झोपल्यात? अरे, कार्यालयाची खिडकी पाचला बंद होते!"

"श्शऽऽ!" साठ जण म्हणाले. मग त्यांना अर्थ कळला.

"उठवूया," धडाम कुजबुजला.

"पण त्यांना विचारल्याशिवाय?" प्रश्नावली कुजबुजली. "इतक्या दिवसांनी झोपल्यात त्या."

"झोपलेल्या माणसाला विचारणार कसं?"

"त्यांना जास्त काय हवं असेल? पदवी की झोप?"

"हे आपण त्यांच्या वतीने ठरवायचं का?"

जिन्यावर, पायरीपायरीवर, हलक्या आवाजात चर्चा पेटली. चार एक्केचाळीस. चार चव्वेचाळीस. अध्यक्षेने फाइल उघडली. भराभर पानं उलटली. घटनेत झोपेबद्दल काही नव्हतं. मामा म्हणाले, "मी उठवतो," आणि त्यांच्या हातातला चहाचा पेला कोणीतरी आवाज होऊ नये म्हणून काढून घेऊ लागलं. चार शेहेचाळीस.

ठकीने इतका वेळ हे सहन केलं होतं. साठ माणसं जमलेली, आणि कोणी हसत नाही, वाजवत नाही, नाचवत नाही. तिने श्वास घेतला, लालबुंद झाली, आणि असं भोकाड पसरलं, की मैदानावरची पाखरं उडाली.

काकू ताडकन उठल्या. "काय झालं? कुठे लागलं तिला?" मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. काकू पळाल्या. एका पायात सपात, दुसऱ्यात सरांचा बूट. मागे प्रबंध घेतलेली अध्यक्षा. हिरवी फाइल तिने आयुष्यात पहिल्यांदाच खाली टाकली होती. तिच्यामागे ठकीला खांद्यावर घेतलेला धडाम, आणि मागे अख्खं वसतिगृह. मामासुद्धा. दूध गॅसवर होतं. उतू गेलं असणार, खरोखरचं. या वेळी मोर्चा अजिबात मूक नव्हता.

चार अठ्ठावन्नला काकू खिडकीशी पोचल्या. कारकुनांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे, मग त्यांच्या पायांकडे, मग त्यांच्यामागच्या साठ जणांकडे पाहिलं. प्रबंध घेतला. पानं चाळली. कव्हरावरचा डाग बोटाने पुसला. मग शेवटचं पान उघडून म्हणाले, "सही राहिलीये."

प्रतिज्ञापत्र होतं. काकूंनी धापा टाकत मोठ्याने वाचलं, "हे काम मी स्वतः, इतर कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केले आहे."

अध्यक्षेने काकूंच्या खांद्यावरून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"काकू," अध्यक्षा हळूच म्हणाली, "हे खरं नाहीये."

"मला माहितीये गं."

"म्हणजे आम्ही काही लिहिलं नाही त्यात, पण..."

"एक मिनिट आहे," कारकून म्हणाले.

काकूंनी मागे वळून पाहिलं. धडामच्या सदऱ्यावर दुधाचे डाग होते. प्रश्नावलीच्या कानामागे खुळखुळा खोचलेला होता. मामा रिकाम्या हातात चहाचा पेला धरल्यासारखे उभे होते. पाठ्यपुस्तकाच्या तीनशे बारा चित्रांपैकी एकाही चित्रात हे लोक नव्हते. काकूंना वाटलं, प्रबंध पुन्हा लिहायला हवा. मग त्यांना वाटलं, नको, आधी सही.

"सही करा हो काकू," धडाम म्हणाला. "आमची काही हरकत नाही."

"ताई म्हण," काकू म्हणाल्या आणि पेन घेतलं. तेवढ्यात धडामच्या खांद्यावरून ठकी आईकडे झेपावली. काकूंनी तिला एका हाताने कमरेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने पेन कागदावर टेकवलं. सही वाकडीतिकडी आली, कारण पेनाचं वरचं टोक ठकीने मुठीत घट्ट धरलं होतं. म्हणजे 'कोणाच्याही मदतीशिवाय' या वाक्याखालची सहीसुद्धा काकूंनी एकट्याने केली नव्हती.